नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आहात आणि घर सोडायची वेळ आलीय? कौन्सिलकडून मदत अशी मागा

लग्न करून इंग्लंडला आलेल्या किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना घरात छळ सोसताना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं. "तुझ्या व्हिसावर नो पब्लिक फंड्स लिहिलंय. बाहेर पडलीस तर रस्त्यावर येशील." "नो पब्लिक फंड्स" म्हणजे सरकारी भत्ते किंवा सरकारी घर मागता येत नाही. यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसऱ्यावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. अडचण अशी की कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या) काउंटरवर बसलेल्या माणसालाही कधी कधी यातला फरक ठाऊक नसतो. तोही "सॉरी, नो रिकोर्स" (याच अटीचं दुसरं नाव) म्हणून परत पाठवतो. म्हणून कुठल्या विभागात जायचं आणि तिथे नेमकं काय मागायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायद्यांची नावं आणि काही नियम वेगळे आहेत. "नवरा" हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. सासू, दीर, बायको, जोडीदार, त्रास देणारं जवळच्या नात्यातलं कुणीही असो, २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज अॅक्टच्या व्याख्येत ते बसतं. नुसती मारहाणच नव्हे, तर पगार काढून घेणं, बँकेचं कार्ड न देणं, सतत पाळत ठेवणं, व्हिसा रद्द करायची धमकी देणं, हेही त्यात येतं.

पहिली पायरी : आज रात्री धोका असेल तर

९९९ लावा. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून फोन लावून खोकून किंवा स्क्रीनवर टकटक करून आपण तिथे आहोत हे कळवा, आणि सांगितल्यावर ५५ दाबा. फोन पोलिसांकडे जोडला जातो. मात्र ५५ दाबल्याने तुमचा पत्ता पोलिसांना आपोआप कळतो असं नाही, त्यामुळे हळू आवाजात का होईना, पत्ता सांगता आला तर सांगा.

जीवावरचा प्रसंग नसेल पण बोलायला कुणी हवं असेल, तर नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइनचा नंबर ०८०८ २००० २४७ आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, आणि दुभाषी मिळतो. मराठी दुभाषीच मागा. "हिंदी चालेल ना?" असं विचारतील. चालत असेल तर हो म्हणा, पण कौन्सिलच्या असेसमेंटच्या वेळी मात्र मराठीचाच आग्रह धरा, कारण तिथे एकेका वाक्याला वजन असतं. नवऱ्याला, नणंदेला किंवा "आपल्याच ओळखीच्या" माणसाला दुभाषी म्हणून कधीही बसू देऊ नका.

दवाखान्यात जायला व्हिसाची भीती बाळगू नका. जीपी आणि इमर्जन्सी विभाग सगळ्यांना खुले आहेत, आणि घरगुती हिंसेमुळे झालेल्या दुखापतींवरच्या उपचारांना परदेशी रुग्ण म्हणून बिल लागत नाही. जखम कशामुळे झाली ते डॉक्टरला खरं सांगा आणि नोंदवून घ्यायला सांगा. ही नोंद पुढे होम ऑफिसपुढे (व्हिसा बघणारं सरकारी खातं) पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरी पायरी : बाहेर पडण्याआधी थोडा वेळ मिळाला तर

सगळ्यांना आठवतं ते पासपोर्ट आणि दागिने. मी म्हणेन, आधी ई-व्हिसाचं खातं बघा.

पूर्वी व्हिसाचा पुरावा म्हणून बीआरपीचं गुलाबी कार्ड असायचं. बहुतेक कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि आता सगळं ऑनलाइन आहे. हे खातं अनेक घरांत नवऱ्यानेच उघडलेलं असतं, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच मोबाइल नंबरवर. खातं उघडायला पासपोर्टचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की एक कोड जातो, आणि तो कोड त्याच्या फोनवर वाजतो. म्हणजे तुमचा व्हिसा तुमच्या नावावर, पण किल्ली त्याच्या खिशात. बाहेर पडल्यावर कौन्सिल, बँक, वकील सगळेच तुमच्याकडे शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा क्रमांक) मागणार आणि तो काढायला हेच खातं लागणार. जमलं तर त्यातला ईमेल आणि नंबर आधीच स्वतःचा करून घ्या. त्यासाठी अगदी नवीन ईमेल उघडा, घरातल्या टॅबलेटवर कधीच लॉगइन न केलेला. बदल केल्याची सूचना जुन्या ईमेलवर जाऊ शकते, त्यामुळे बाहेर पडायच्या अगदी तोंडावर हे करा. नाहीच जमलं तर सरकारी संकेतस्थळावर खातं परत मिळवायची सोय आहे. वेळ जातो, पण काम होतं.

सोबत घ्यायचं बाकीचं : पासपोर्ट (नसेल तर फोटो), मुलांचे जन्मदाखले, बाळाचं रेड बुक (तब्येतीच्या नोंदींची लाल वही), लग्नाचा दाखला, बँकेची स्टेटमेंट्स, औषधं. बाळाच्या नॅपीच्या पिशवीत कागद लपवणं सोपं जातं, तिथे फारसं कुणी हात घालत नाही.

आणि फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करा. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मदत मागू नका. आपली माणसं वाईट नसतात, पण दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये नवऱ्याचा एक तरी मित्र असतोच.

पैसा नेमका कुठे अडतो

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या नकारांचा अर्थ लागत नाही.

२०२१ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या वरच्या पातळीच्या कौन्सिलांवर (आणि लंडनसाठी ग्रेटर लंडन ऑथॉरिटीवर) जबाबदारी टाकली की छळातून सुटून आलेल्यांना सुरक्षित निवाऱ्यात आधार मिळाला पाहिजे. त्यासाठी २०२१-२२ साली केंद्र सरकारने साडेबारा कोटी पौंड दिले. पण "आधार" म्हणजे समुपदेशन, सल्ला, मुलांसाठी काम करणारी माणसं. खोलीचं भाडं त्यात धरलेलं नाही. रेफ्यूजमधल्या (छळातून सुटलेल्यांच्या निवाऱ्यातल्या) खोलीचं भाडं बहुतेक ठिकाणी राहणाऱ्या बाईच्या हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी भत्त्यातून येतं. तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स बंद असतील तर ते बेनिफिट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे रेफ्यूजला भाडं मिळत नाही, म्हणून खोली रिकामी असूनही "घेता येत नाही" असं उत्तर येतं. तुमच्यासाठी समुपदेशक हजर, पण पाठ टेकायला जागा नाही, असा हा विचित्र प्रकार आहे. कायदा संसदेत असताना स्थलांतरित बायकांसाठीच्या दुरुस्त्या लॉर्ड्सनी (संसदेच्या वरच्या सभागृहाने) मंजूर केल्या होत्या, सरकारने त्या फेटाळल्या. त्याची किंमत आजही रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर मोजली जाते.

म्हणून खरा प्रश्न असा : खोलीचं भाडं आणि जेवणाखाण्याचा खर्च कुठल्या खात्यातून काढायचा? त्याचे मार्ग तीन. मुलांचा, आजारपण-अपंगत्वाचा आणि व्हिसाचा.

तिसरी पायरी : मुलं असतील तर हाउसिंगला नव्हे, चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला जा

चिल्ड्रन अॅक्ट १९८९ च्या कलम १७ खाली गरजू मुलांचं हित जपणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. त्यासाठी कौन्सिल कुटुंबाला राहायला जागा देऊ शकते आणि रोख पैसेही. ही मदत "पब्लिक फंड्स"च्या यादीत नाही. ती घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. शिवाय २०२१ च्या कायद्यानुसार घरातला छळ बघणारं, ऐकणारं मूलसुद्धा स्वतः पीडितच मानलं जातं.

चूक इथे होते की बाई बेघर म्हणून हाउसिंगच्या काउंटरवर जाते. हाउसिंग विभाग व्हिसा बघतो आणि नियमाप्रमाणे नाही म्हणतो. त्याने नाही म्हणणं बरोबरच असतं, फक्त विभाग चुकलेला असतो. काही भागांत तर कौन्सिलच दुसरी असते. वॉटफर्डला राहत असाल तर घरांचं काम वॉटफर्ड बरो कौन्सिलकडे आणि मुलांचं काम हर्टफर्डशर काउंटी कौन्सिलकडे. लंडनच्या बरोंमध्ये, तसंच स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स यांसारख्या ठिकाणी दोन्ही एकाच कौन्सिलकडे असतं, पण विभाग वेगळे.

काउंटरवर किंवा फोनवर म्हणायचं वाक्य पाठ करून ठेवा : "आय अॅम फ्लीइंग डोमेस्टिक अब्यूज. माय चिल्ड्रन हॅव नोव्हेअर सेफ टु स्टे टुनाइट. आय वाँट अ चाइल्ड इन नीड असेसमेंट अंडर सेक्शन सेव्हन्टीन." रडू आलं तरी चालेल, पण ही तीन वाक्यं निघाली पाहिजेत. ऑफिस बंद असेल तर प्रत्येक कौन्सिलची रात्रीची इमर्जन्सी ड्यूटी टीम असते, तिचा नंबर कौन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतो.

कोणत्या कौन्सिलकडे? मुलं आत्ता ज्या हद्दीत आहेत त्या. नवऱ्याचं घर हाउन्सलोमध्ये आणि तुम्ही मैत्रिणीकडे हॅरोला आला असाल तर हॅरोने "हाउन्सलोला जा" म्हणून हात झटकणं योग्य नाही, आणि धोका हाउन्सलोतच असेल तर तिथे परत जाणं शहाणपणाचंही नाही.

अर्ज आल्यावर पुढे काय करायचं हे एका कामकाजाच्या दिवसात ठरवावं आणि पूर्ण असेसमेंट जास्तीत जास्त ४५ कामकाजाच्या दिवसांत संपवावं, अशी सरकारी मार्गदर्शिका आहे. ४५ दिवस उपाशी थांबायचं असा त्याचा अर्थ होत नाही. असेसमेंट चालू असताना तात्पुरती मदत देता येते. "इंटेरिम सपोर्ट" हा शब्द वापरून ती मागा.

सोशल वर्कर तुमच्या पैशांबद्दल बारकाईने विचारेल. भावाने भारतातून पैसे पाठवले होते का, तीन महिन्यांपूर्वी हे अडीचशे पौंड कुठून आले, मैत्रीण अजून किती दिवस ठेवेल. अपमान वाटतो, पण उत्तरं सरळ आणि एकसारखी द्या. मैत्रिणीला आणखी ठेवणं शक्य नसेल तर तिच्याकडून तसं दोन ओळींचं पत्र घ्या. आपण भिडेखातर "अगं राहा की" म्हणतो. ते सोशल वर्करच्या वहीत "राहायला जागा आहे" असं उतरतं. मदत करणाऱ्या मैत्रिणींनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

किती पैसे मिळतात याचा देशभर एकच दर नाही. २०१४ मध्ये न्यूहॅम कौन्सिलने चाइल्ड बेनिफिटच्या दराने खर्च ठरवला होता, तेव्हा हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं. रक्कम कुटुंबाच्या खऱ्या गरजेवर ठरली पाहिजे. दुधाची पावडर, नॅपी, शाळेचा गणवेश, बसचं भाडं, सगळं लिहून द्या. शाळेतलं फुकट जेवण नो रिकोर्सवाल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही मागता येतं, शाळेच्या ऑफिसात विचारा.

आणखी एक खाचखळगा. कौन्सिलांचे छोटे आपत्कालीन निधी असतात, दर ठिकाणी नाव वेगळं. गरजूंना एकरकमी मदत देणाऱ्या अशा काही स्थानिक योजना मात्र "पब्लिक फंड" मानल्या जातात. कुणी चांगल्या मनाने फॉर्म पुढे केला तरी सही करण्याआधी विचारा, हा पैसा कलम १७ चा की लोकल वेल्फेअरचा?

चौथी पायरी : मुलं नसतील तर

इथे वाट अरुंद आहे, उगाच आशा लावत नाही. तुम्हाला अपंगत्व, दीर्घ आजार किंवा गंभीर मानसिक त्रास असेल तर केअर अॅक्ट २०१४ खाली अॅडल्ट सोशल केअरकडे असेसमेंट मागता येतं. पण "फक्त पैसे नाहीत" एवढ्या कारणावर ते मदत देत नाहीत, देखभालीची खरी गरज दिसावी लागते. जीपीचं पत्र इथे फार कामाला येतं. गरोदर असाल तर मिडवाइफला सांगा, तीही सोशल सर्व्हिसेसना कळवू शकते.

बाकीच्यांसाठी साउथॉल ब्लॅक सिस्टर्सला फोन करा. १९७९ पासून काम करणारी ही संस्था दक्षिण आशियाई बायकांची घरं, सासरं, इज्जतीच्या गोष्टी आतून ओळखते, त्यामुळे सुरुवातीपासून समजावत बसावं लागत नाही. तिच्याकडे स्वतःचा नो रिकोर्स फंड आहे, आणि २०२१ मध्ये होम ऑफिसने स्थलांतरित पीडितांच्या निवाऱ्यासाठी आणि खर्चासाठी सुरू केलेल्या पथदर्शी योजनेचं कामही तिच्याकडेच दिलं गेलं.

पाचवी पायरी : होम ऑफिसची तीन महिन्यांची सवलत

मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन, जिला २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत डेस्टिट्यूशन डोमेस्टिक व्हायोलन्स कन्सेशन म्हणत. ती मिळाली की तीन महिन्यांसाठी पब्लिक फंड्स खुले होतात. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा मुख्य सरकारी भत्ता), रेफ्यूजचं भाडं, कौन्सिलची बेघरांसाठीची मदत, सगळं. युनिव्हर्सल क्रेडिटचे पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात, तोवर अॅडव्हान्स मागता येतो.

पण अर्ज करायच्या आधी तुमच्या व्हिसाचा प्रकार बघा, कारण इथेच आयुष्य इकडचं तिकडे होतं.

नवरा ब्रिटिश नागरिक असेल, आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळालेला असेल किंवा निर्वासित दर्जाचा असेल आणि तुम्ही त्याच्या जोडीदार म्हणून आला असाल, तर ही सवलत म्हणजे एक पूल आहे. ते तीन महिने संपायच्या आत घरगुती हिंसेच्या कारणावर कायम वास्तव्याचा अर्ज करायचा. पैसे नसतील तर त्याची फी माफ होते आणि वकिलासाठी लीगल एडही (सरकारी खर्चाने कायदेशीर मदत) मिळू शकते.

नवरा स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी असेल, म्हणजे आपल्या आयटीवाल्या घरांमधल्या कितीतरी बायका, तर २०२४ पासून ही सवलत तुम्हालाही मिळते, पण तिच्या पलीकडे कायम वास्तव्याचा रस्ता नाही. उलट सवलत मंजूर झाली की तुमचा आधीचा डिपेंडंट व्हिसा संपतो आणि हातात फक्त तीन महिने उरतात. त्याआधी स्वतःच्या नावाने स्किल्ड वर्कर व्हिसा मिळेल का, मुलांच्या आधारावर वेगळा अर्ज होतो का, हे वकिलाकडून तपासून घ्या. कौन्सिलचा सोशल वर्कर "आधी कन्सेशनचा फॉर्म भरा, मग बघू" असा आग्रह धरेल, कारण त्याने कौन्सिलचा खर्च वाचतो. घाईने सही करू नका.

सल्ला देणारा माणूस सॉलिसिटर आहे की इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, हे बघा. नोंदणी नसताना व्हिसाचा सल्ला देणं या देशात गुन्हा आहे. "फॉर्म मी भरून देतो, वहिनी" म्हणणारे भावोजी यात मोडतात. रायट्स ऑफ विमेन या संस्थेची मोफत कायदेशीर सल्ल्याची फोनलाइन आहे. लागायला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा लावा.

तुमचा व्हिसा आधीच संपला असेल तर कौन्सिल होम ऑफिसकडे तुमची स्थिती तपासेल हे धरून चाला, आणि जमलं तर आधी वकिलाशी बोला. मुलांच्या जिवाला धोका असेल तर मात्र वकिलासाठी थांबू नका. व्हिसा संपलेल्या कुटुंबालाही मदत नाकारल्याने मानवी हक्कांचा भंग होत असेल तर कौन्सिलला मदत करावी लागते.

सहावी पायरी : "नाही" ऐकल्यावर

तीन नकार ठरलेले आहेत.

पहिला : "मुलांना आम्ही ठेवून घेऊ, तुमची सोय तुम्ही बघा." हे ऐकून अनेक जणी त्याच पावली नवऱ्याकडे परत जातात. कलम १७ मध्ये मदत पूर्ण कुटुंबाला देता येते. केवळ घर नाही म्हणून, चांगलं सांभाळणाऱ्या आईपासून मूल तोडणं हा त्या कलमाचा उद्देशच नाही. शांतपणे म्हणा, हे मला लिहून द्या.

दुसरा : "भारतात जायचं तिकीट काढून देतो." तुमची स्वतःची जायची इच्छा असेल तर ठीक. पण होम ऑफिसकडे तुमचा तग धरण्याजोगा अर्ज प्रलंबित असेल, तर फक्त "परत जा" या कारणावर कौन्सिलने मदत थांबवू नये, असं क्लू विरुद्ध बर्मिंगहॅम या २०१० च्या खटल्यात अपील कोर्टाने स्पष्ट केलं आहे. अर्ज केल्याचा पुरावा फोनमध्ये ठेवा.

तिसरा नकार तोंडी आणि गुळमुळीत असतो. "आम्ही फोन करू." त्यावर नाव, विभाग, वेळ लिहून घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा : अमुक वाजता मी असेसमेंट मागितलं, अमुक यांनी हे उत्तर दिलं, लेखी निर्णय द्यावा. मग कम्युनिटी केअरचं काम करणारा सॉलिसिटर गाठा. ज्युडिशियल रिव्ह्यूच्या (कौन्सिलच्या निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याच्या) आधीचं एक पत्र तो कौन्सिलला पाठवतो. प्रकरण कोर्टापर्यंत न जाता त्या एका पत्रावरच अनेकदा त्या संध्याकाळची खोली मिळते. ओम्बड्समनकडे (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) तक्रार करता येते, पण ते काम सावकाशीचं. आजच्या रात्रीसाठी त्याचा उपयोग नाही.

पासपोर्ट आणि भारताचा रस्ता

नवऱ्याने पासपोर्ट दाबून ठेवला असेल तर पोलिसांना सांगा, आणि लंडनचं हाय कमिशन किंवा बर्मिंगहॅमचं कॉन्सुलेट इथून नवीन पासपोर्ट मागा. घाईघाईत इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊ नका. ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. भारतीय दूतावासांकडे २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. अनिवासी नवऱ्याने टाकलेल्या भारतीय बायकांना त्यातून तात्पुरता निवारा आणि कायदेशीर मदत देता येते. कौन्सिलकडून काही मिळेपर्यंत हाही अर्ज करून ठेवायला हरकत नाही.

"दिवाळीला घरी जाऊन येऊ" असं तो अचानक गोड बोलायला लागला तर सावध व्हा. तिकडे नेऊन पासपोर्ट काढून घ्यायचा आणि एकट्याने परतायचं, हा प्रकार इतका होतो की जानेवारी २०२४ अखेरपासून ब्रिटिश किंवा कायम वास्तव्य असलेल्या नवऱ्याने असं टाकलेल्या बाईला भारतातूनच अर्ज करायची सोय इमिग्रेशन नियमांत करावी लागली. मुलांना घेऊन तो निघून जाईल अशी भीती असेल तर फॅमिली कोर्टातून प्रोहिबिटेड स्टेप्स ऑर्डर (मुलांना नेण्यास मनाई करणारा आदेश) तातडीने मागता येते, त्यालाही लीगल एड मिळू शकते. भारत मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग करारात नाही, त्यामुळे मूल एकदा तिकडे गेलं की इथल्या कोर्टाचा आदेश घेऊन तिथे नव्याने भांडावं लागतं. विमान उडायच्या आत वकिलाला फोन करा.